मृग लागण्याआधी: कूलर, हौद आणि भिंतीतले गोचीड

रंगपंचमीची गेर झाली की इंदुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात. फडक्याने धूळ पुसायची, नवी घास लावायची, पाणी भरायचे आणि बटण दाबायचे, एवढीच बहुतेक घरांतली तयारी. पाणी भरण्याआधी एक काम मात्र जरूर करा. बॅटरी घेऊन टाकीच्या आतल्या भिंतीवर, गेल्या वर्षीच्या पाण्याची पांढरी रेघ जिथे उमटली आहे तिथे, जरा तिरका उजेड टाका. रेघेच्या आसपास खसखशीहून बारीक, काळे, लांबट ठिपके चिकटलेले दिसले तर ती एडिस डासाची अंडी आहेत, डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवणाऱ्या डासाची. मादी ती पाण्यात घालत नाही, पाण्याच्या जरा वर ओल्या भिंतीला चिकटवते. पाणी आटले तरी ती महिनोन्‌महिने कोरडी तग धरतात, काही तर वर्षभरही. टाकी भरून पाणी त्या रेघेपर्यंत चढले की त्यांतली बरीच अंडी एका दिवसात फुटतात. अशा वेळी आपण नव्या मोसमाची सुरुवात जुन्या मोसमाच्या डासांनीच करतो.

अंगणातल्या मच्छरांबद्दल बोलताना नजर नेहमी हवेत असते: धूर, फवारा, कॉइल, वास. उडणारा डास हा गोष्टीचा शेवट आहे. सुरुवात आपण साठवलेल्या पाण्यात असते. गोचिडाचेही तसेच. सगळे गवताला दोष देतात, पण आपल्याकडचा गोचीड गवतात नाही, भिंतीच्या भेगेत राहतो. या दोन गोष्टी नीट समजल्या की अर्धा खर्च वाचतो.

आधी कोणता डास कुठून येतो ते पाहू. एडिसला स्वच्छ, साठलेले पाणी लागते. बाटलीच्या झाकणाएवढेही पुरते. पायावर पांढरे पट्टे असतात आणि चावतो दिवसा, सकाळी लवकर आणि दिवेलागणीच्या आधी सर्वांत जास्त. शहरी मलेरिया पसरवणारा अॅनोफेलिस स्टिफेन्साय हौद, विहीर, गच्चीवरची टाकी अशा स्वच्छ पाण्यात वाढतो आणि रात्री चावतो. कानाशी गुणगुणत रात्रभर झोपू न देणारा क्युलेक्स मात्र घाण पाण्यातला: मोरी, गटार, सेप्टिक टँक. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर वर्षानुवर्षे पहिले आले, रस्ते लख्ख झाले, याचा अभिमान आहेच. पण एडिसला रस्त्याशी देणेघेणे नाही. त्याला हवे असलेले स्वच्छ पाणी कंपाउंडच्या आत असते आणि तिथे कचऱ्याची गाडी येत नाही.

अळ्या पाहून जात ओळखता येते. पांढऱ्या वाटीत थोडे पाणी घ्या. पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली अळी अॅनोफेलिसची. डोके खाली आणि शेपटीकडची नळी वर करून तिरकी लटकणारी अळी एडिसची किंवा क्युलेक्सची. स्वल्पविरामासारखे वाकडे, टुणटुण उड्या मारणारे दिसले ते कोष. कोष दिसले तर दोन-तीन दिवसांत त्यातून डास उडणार, तेव्हा ते पाणी त्याच दिवशी ओतून टाका.

कूलर

मे महिन्यात पारा चाळीसच्या पुढे गेला की उघड्यावरचे डास फार काळ जगत नाहीत. त्यांना ओलावा आणि सावली लागते. कूलर त्यांना दोन्ही देतो, वर अंडी घालायला पाणीही देतो. माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात एडिस टिकून राहतो तो बराचसा कूलर आणि पाण्याच्या साठ्याच्या जिवावर.

उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, टाकी पूर्ण कोरडी झाली पाहिजे. "रोज नवे पाणी घालतो की" हे उत्तर उपयोगाचे नाही. वरून पाणी घातल्याने खालचे पाणी बदलत नाही, अळ्या तिथेच राहतात आणि भिंतीवरची अंडी रोज भिजत राहतात.

कूलरचा प्लग काढून खालचे बूच उघडा. बहुतेक पत्र्याच्या कूलरांत बूच तळापासून बोटभर वर असते, त्यामुळे पाणी गेले असे वाटले तरी तळाशी बोटभर पाणी उरते. नेमक्या त्याच बोटभर पाण्यात अळ्या बसतात, कारण उजेड आणि हालचाल जाणवली की त्या तळाशी जातात. कूलरच्या मागच्या पायांखाली वीट सरकवून तो बुचाकडे कलता करा आणि उरलेले पाणी फडक्याने टिपून घ्या. मग नारळाची शेंडी किंवा कडक ब्रश घेऊन चारही भिंती घासा, पाण्याच्या रेघेखाली चार बोटे आणि वर चार बोटे विशेष जोर लावून. अंडी चिकटलेली असतात, नुसत्या धारेने निघत नाहीत. पंपाची जाळी, पंपाखालचा कोपरा आणि फ्लोट व्हॉल्व्हच्या दांडीची मागची बाजू या तीन जागा हमखास राहून जातात. काढलेले पाणी गटारात किंवा कुंड्यांत न ओतता उन्हाने तापलेल्या मोकळ्या मातीवर पसरा, अळ्या तिथे काही वेळात मरतात. टाकी दोन-तीन तास उन्हात उघडी ठेवून मगच भरा.

काही घरांत कूलरमध्ये चमचाभर रॉकेल किंवा पेट्रोल टाकतात. अळ्या मरतात हे खरे, पण ती वाफ पंखा घरात ओढतो आणि जवळच विजेची मोटर असते. हे करू नका.

पाऊस स्थिरावला की कूलर बंद होतो, आणि खरी चूक तेव्हा होते. घास तशीच, तळात पाणी तसेच, आणि कूलर गच्चीवर पावसात. घास काढून कचऱ्यात द्या, कारण तिच्या ओल्या काड्यांवरही अंडी असू शकतात. टाकी वर सांगितल्याप्रमाणे घासून सुकवा, बूच उघडेच ठेवा, वर ताडपत्री बांधा आणि तिच्या खळग्यात पाणी साचणार नाही इतकी ती ताणून घ्या.

हौद, नळाचा खड्डा, गच्चीवरची टाकी

जलूदहून येणारे नर्मदेचे पाणी शहराच्या बहुतेक भागांत एक दिवसाआड मिळते, म्हणून घरोघरी साठा असतोच. साठा टाळता येणार नाही, तेव्हा झाकणावर लक्ष द्यायचे. जमिनीतल्या हौदाचे लोखंडी झाकण गंजून एका कोपऱ्यात उचललेले असते, त्या बोटभर फटीतून मादी आत जाते. झाकणाच्या कडेला रबरी पट्टी चिकटवा, किंवा झाकणाखाली मच्छरजाळीची चौकट बसवा. जाळी इंचाला १६ ते १८ भोकांची हवी, त्याहून विरळ जाळीतून डास आत शिरतो. गच्चीवरच्या टाकीचे झाकण लोक पाहतात, ओव्हरफ्लोच्या पाइपकडे पाहत नाहीत. त्याच्या तोंडाला नायलॉनची जाळी दुहेरी करून होज क्लिपने आवळा. सुतळी उन्हात वर्षभरात तुटते, आणि जाळीही दोन उन्हाळ्यांनंतर हाताने चुरडते, म्हणून ती दर वर्षी तपासा.

दाब कमी म्हणून नळ जमिनीखाली खड्ड्यात घेतलेला असेल, तर नळ गेल्यावरही त्या खड्ड्यात चार-सहा लिटर पाणी उरते. कोणाच्या ते लक्षातही येत नाही. खड्ड्यात नळाच्या तोटीखाली वीतभर राहील इथपर्यंत मोठी खडी भरा. उरलेले पाणी खडीच्या आत, डासाच्या आवाक्याबाहेर राहते. मात्र त्यात गाळ बसला की वर पुन्हा डबके होते, म्हणून खडी दर वर्षी काढून धुवावी लागते. ते जमणार नसेल तर प्रत्येक पाण्याच्या दिवशी नळ गेल्यावर मगाने खड्डा उपसा आणि पोत्याने पुसा.

हौदात औषध घालायचे असेल तर ते काम आरोग्य विभागाच्या माणसाकडून करून घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी टेमेफॉसचे १ टक्क्याचे दाणे १० लिटरला १ ग्रॅम या मापाने वापरतात, म्हणजे हजार लिटरच्या हौदाला १०० ग्रॅम. फवारणीचे द्रव टेमेफॉस ५० टक्क्यांचे असते, ते या मापाने कधीही टाकू नका. बीटीआय नावाचे जिवाणूंवर आधारलेले औषधही चांगले. ते अळीच्या पोटात गेल्यावर काम करते, पण कोष काही खात नाही, त्यामुळे कोषांवर त्याचा उपयोग होत नाही.

शोभेच्या टबात, कमळाच्या कुंडात मासे सोडणे सर्वांत सोपे. गॅम्बुसिया हा अळ्या खाणारा मासा १९२८ साली इटलीहून भारतात आणला. तो खादाड आहे, पण तळ्यात, नाल्यात सोडू नये, कारण तो देशी माशांची पिल्ले आणि बेडकांची अंडीही खातो. घरच्या टबाला गप्पी बरा. टबात पाच-सहा पुरेत. त्यांना वर खाद्य टाकत राहाल तर ते अळ्यांकडे दुर्लक्ष करतील. आणि इंदूरच्या जानेवारीत उथळ टबातले पाणी फार गार होते, तेव्हा गप्पी मरतात. थोडे घरातल्या बरणीत काढून ठेवा.

अंगणातल्या बाकीच्या जागा पटापट सांगतो. कुंडीखालच्या बशीत वाळू भरा, पाणी वाळूच्या वर दिसता कामा नये. पक्ष्यांचा सकोरा रोज सकाळी पालथा करून आतून बोटाने घासा आणि मग भरा. उन्हाळ्यात पक्ष्यांचे पाणी बंद करण्याची काही गरज नाही. फाटकाच्या पोकळ लोखंडी खांबांची तोंडे, कंपाउंडवर लावलेल्या काचांचे बुडखे, झाडाच्या खोडातली पोकळी या जागा वाळू-सिमेंटने किंवा नुसत्या वाळूने बुजवा. फ्रिजच्या मागचा ट्रे, मनीप्लँटची बाटली, मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाच्या पायांखाली ठेवलेल्या वाट्या, हे आठवड्याच्या कामात धरा. जुने टायर, नारळाच्या करवंट्या, फुटके माठ सुक्या कचऱ्यात देऊन टाका.

घाण पाणी आणि काळी माती

मोरीचे किंवा बाहेरच्या ओट्याचे पाणी बागेत सोडलेले असेल तर क्युलेक्स तिथूनच येतो. त्याची मादी शंभर ते तीनशे अंड्यांचा तराफा पाण्यावर तरंगत सोडते, दिसायला काजळीच्या कणासारखा. उपाय शोषखड्डा, पण माळव्यात तो फसतो, आणि त्याला मातीच कारण आहे. आपली काळी माती ओली झाली की फुगते, तिची छिद्रे मिटतात आणि पाणी जिरेनासे होते. तीन फुटांचा खड्डा काळ्या मातीतच संपला तर महिन्याभरात त्याचे डबके होते. खाली पिवळसर मुरूम लागेपर्यंत खणा, मग तो चार फुटांवर लागो की सहा फुटांवर. त्यात तळाशी मोठे दगड, मग मध्यम, वर विटांचे तुकडे, असे एक मीटर लांब-रुंद भरा. सगळ्यात वर, पाणी पडते तिथे, तळाला भोके पाडलेला माठ ठेवून त्यात नारळाच्या शेंड्या घाला. साबणाचा मळ आणि तेलकट घाण त्या शेंड्यांत अडकते. दर पंधरा दिवसांनी त्या बदलल्या नाहीत तर मळ दगडांवर बसतो आणि अख्खा खड्डा उपसावा लागतो.

सेप्टिक टँकचा वाफेचा पाइप उघडा असेल तर घरातल्या डासांचा तो मोठा कारखाना. तोंडाला जाळी आवळा, झाकणाच्या फटी सिमेंट-वाळूने बंद करा. जळके तेल ओतण्याची पद्धत सोडा, अळ्या मरतील पण माती आणि विहीर दोन्ही बिघडते.

संध्याकाळचे बसणे

माळव्याची संध्याकाळ अंगणात बसण्यासाठीच असते. त्यासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे टेबलफॅन. डास ताशी दोन-अडीच किलोमीटरच्या पलीकडे फारसा उडत नाही, पंख्याच्या झोतात त्याला टिकता येत नाही. शिवाय आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ज्याच्या मागावर तो येतो, तो विरून जातो. पंखा छातीच्या उंचीवर नको, पोटऱ्या आणि घोटे झोतात येतील असा खाली ठेवा. डास चावतात ते मुख्यतः तिथेच.

अंगाला लावायच्या क्रीममध्ये डीट, पिकारिडिन किंवा एन,एन-डायएथिल बेंझामाइड असे नाव आणि टक्केवारी वेष्टनावर पाहून घ्या. ग्वाल्हेरच्या डीआरडीई या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले डेपा हेही याच कामाचे. सनस्क्रीन आधी आणि डासांचे क्रीम नंतर. तुळस, गवती चहा दारात जरूर लावा, पण नुसत्या रोपाने डास पळत नाहीत. कडुनिंबाचा धूर असतो तोवर उपयोग होतो, दम्याच्या माणसाला मात्र त्रास. अल्ट्रासाउंडची यंत्रे आणि निळ्या दिव्याची जाळी यांवर पैसे घालू नका. त्या दिव्यात मरतात ते बहुतेक निरुपद्रवी किडे. फॉगिंगने त्या वेळी उडणारे डास मरतात, अळ्यांना काही होत नाही.

गोचीड

परदेशी सल्ल्यात उंच गवत कापा, लाकडाच्या ढलप्यांचा पट्टा टाका, असे लिहिलेले असते. तो अमेरिकेतल्या जंगलकाठच्या गोचिडासाठी आहे. आपल्या अंगणातला बहुधा तपकिरी कुत्रा-गोचीड असतो, आणि त्याला कोरडे ऊन, सिमेंट, विटा, सगळे चालते. अळी, पिल्लू आणि पूर्ण वाढ या तिन्ही अवस्थांत तो कुत्र्याचे रक्त पितो आणि दर वेळी पोट भरले की खाली पडून भेग शोधतो. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्यांच्या कितीतरी पट गोचीड घरात लपलेले असतात. भरलेली मादी राखाडी, टंच, हुबेहूब एरंडाच्या बीसारखी दिसते. लॅटिनमध्ये एरंड आणि गोचीड या दोघांना 'रिसिनस' हा एकच शब्द आहे. ती भेगेत हजार ते चार हजार अंडी घालून मरते. उपाशी पूर्ण वाढलेला गोचीड कित्येक महिने वाट पाहू शकतो.

तो वर चढतो, हे लोक विसरतात. जमीन पुसून उपयोग नाही. कुत्रा जिथे बसतो तिथून भिंतीवर छतापर्यंत पाहा: प्लास्टर आणि दाराच्या चौकटीमधली फट, इलेक्ट्रिक पट्टीची मागची बाजू, कवेलूंखालचे वासे, जिन्याखालच्या उघड्या विटांचे सांधे.

पहिले काम कुत्र्याचे, भिंतीचे नव्हे. पशुवैद्याकडून वजनाप्रमाणे औषध घ्या: फ्लुरालानरची गोळी साधारण बारा आठवडे, अफॉक्सोलानरची महिनाभर, मानेवर टाकायचे फिप्रोनिल महिनाभर काम करते. तिन्ही अवस्था कुत्र्यावरच येत असल्याने औषध घेतलेला कुत्रा घरातले गोचीड वेचत राहतो. म्हणून त्याला घराबाहेर बांधून ठेवू नका. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन आणि अमिट्राझ दोन्ही लांब ठेवा, मांजरांना ते घातक आहेत. सशाला फिप्रोनिल चालत नाही.

मग भिंत. सांधे तारेच्या ब्रशने बोटभर खोल कोरा, निघालेला चुरा झाडून साबणाच्या पाण्यात बुडवा, आणि एकाला तीन सिमेंट-वाळूने भरून घ्या. लाकडी चौकटीभोवतीची फट पुट्टीने. भरता न येणाऱ्या भेगांत घरगुती वापराचे डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन वेष्टनावरच्या मापाने पट्टीसारखे फवारा, भिंतभर नव्हे. फवारताना गप्पीचा टब झाका, ही औषधे माशांना फार लवकर मारतात. फुलांवर उडू देऊ नका, मधमाशा मरतील. मुले आणि जनावरे ते सुकेपर्यंत बाहेर. एकदा फवारून थांबलात तर तीन आठवड्यांनी पुन्हा सारे जिथल्या तिथे, कारण अंड्यांवर फवारा चालत नाही आणि ती तोवर फुटतात. दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीन वेळा करा. कुत्र्याचे अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात.

माणसाला गोचीड चिकटला तर रॉकेल, काडेपेटी, चुना काही लावू नका. त्रासलेला गोचीड पोटातले जंतू उलटे सोडू शकतो. बारीक चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा, न पिळता सरळ, सावकाश ओढा, जागा साबणाने धुवा. काढलेला नखाखाली चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ आले तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचे आवर्जून सांगा, म्हणजे टिक टायफसचा विचार होईल. आणि उन्हाळा-पावसाळ्यातल्या कोणत्याही तापात डेंगी नाही असे कळेपर्यंत अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, पॅरासिटामॉल चालते.

राहिला शेजार. एडिस जन्मतो तिथून सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही, म्हणजे आपल्या अंगणातला एडिस आपला, नाहीतर आजूबाजूच्या आठ-दहा घरांचा. गल्लीत एकच वार ठरवून सगळ्यांनी कूलर त्याच दिवशी कोरडे केले तर फरक महिन्याभरात कळतो. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बांधकामाचा उघडा हौद असेल तर आधी मालकाशी बोला, नाही जमले तर फोटो काढून महापालिकेच्या इंदूर ३११ अॅपवर टाका. आणि हे सारे मृगाच्या आत, कारण पहिल्या सरीबरोबर कोरड्या भिंतींवरची अंडी शहरभर एकदमच फुटतात.